दुपारचं वाचन

१

आमची लॅब शनिवारी एक वाजता सुटते. एरवी माझी ड्यूटी सकाळी सात ते तीन. घाटकोपरच्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चौदा वर्षं रक्त तपासतेय, आणि गेली तीन वर्षं दर शनिवारी तिथून थेट मुलुंड पूर्वेला जानकीताईंच्या दुकानात जात होते.

दुकान म्हणजे त्यांचा तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉकच. त्या शाळेत ग्रंथपाल होत्या. रिटायर झाल्यावर त्यांनी सोफा, पलंग, टीव्ही सगळं पुतण्याला देऊन टाकलं आणि भिंती भरून पुस्तकं लावली. हॉलमध्ये कथा-कादंबऱ्या, आतल्या खोलीत चरित्रं आणि प्रवास, पॅसेजमध्ये लहान मुलांची. स्वयंपाकघर तेवढं स्वतःसाठी ठेवलं. रात्री तिथेच गादी घालतात. बाहेरचं दार दिवसभर उघडं. गिऱ्हाईक आलं की आतूनच विचारतात, "कोण?" आपण नाव सांगायचं आणि आपल्याला हवं ते बघत बसायचं.

नेहमीच्या गिऱ्हाइकांची एकेक कार्डं होती. शाळेच्या वाचनालयातून भंगारात निघालेलं खणांचं लाकडी कपाट ताईंनी उचलून आणलं होतं, त्यात ती कार्डं. आपल्याला हवी असलेली पुस्तकं आपल्या कार्डावर आपणच लिहायची. ताई कुठून कुठून शोधून आणायच्या.

माझ्या कार्डावरची पुस्तकं माझी नसायची, आबांची असायची. माझे वडील, भीमराज. विक्रोळीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते. तिसरी पाळी करून सकाळी घरी यायचे आणि झोपण्याआधी वीस पानं वाचायचे. काचबिंदूने आधी उजवा डोळा गेला, मग डावा. आई जाऊन बावीस वर्षं झाली. मी लग्न केलं नाही. कन्नमवार नगरातल्या घरात आम्ही दोघंच. रोज संध्याकाळी पाच ते सहा मी त्यांना वाचून दाखवायचे.

खरं सांगायचं तर घाईत वाचायचे. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावल्यावर अक्षरं नकोशी होतात. कधी एखादा परिच्छेद, कधी अख्खं पान गाळायचे. आबांना कळायचं. ते नुसतं "हं" म्हणायचे.

२

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी कार्ड काढलं. आधीच्या खेपेला लिहिलेल्या दोन नावांखाली तिसरं नाव होतं. 'मिठागराचा मुकादम'. निळ्या पेनाने, माझ्या अक्षरात. माझ्या 'ठ'चा गोल नेहमी उघडा राहतो. तोही तसाच होता.

"ताई, हे मी कधी लिहिलं?"

आत कुकरची शिट्टी होत होती. ती संपेपर्यंत ताई थांबल्या. "मंगळवारी नाही का आलीस? दुपारी."

"मंगळवारी दुपारी मी लॅबमध्ये होते."

"अगं, मी कोण विचारलं, तू शीतल म्हणालीस. भाकरी तव्यावर होती म्हणून मी काही बाहेर आले नाही. खण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, ताई, हे हॉलमध्येच मिळालं, नेते हं. मी बरं म्हटलं."

"पण तुम्ही मला बघितलंत?"

जानकीताई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "बघायला कशाला हवं? तुझा आवाज मला कळत नाही का?"

मी हसले. शीतल नावाच्या बायका मुलुंडमध्ये पाचशे तरी असतील. त्यातल्या कुणीतरी चुकून माझ्या कार्डावर लिहिलं. अक्षराचं म्हणाल तर एका शाळेतल्या, एका बाईंच्या हाताखालच्या सगळ्या मुलींचं अक्षर सारखंच निघतं. हायवेवरून बस येईपर्यंत मी अशी कारणं जुळवत होते आणि ती जुळतही होती.

३

पुस्तक घरी होतं.

आबांच्या खाटेशेजारी खिडकीच्या कठड्यावर. जाड, पिवळ्या पडलेल्या कागदाचं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. एकशे बाराव्या पानावर खूण होती. मी खुणेला लॅबमधल्या बाटल्यांवर लावायच्या लेबलची पट्टी घालते. तशीच पट्टी.

"आबा, हे कोणी आणलं?"

"कोणी म्हणजे? तू."

"मी कधी आणलं?"

"मंगळवारी." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "बरं नाही का तुला?"

पाच वाजता मी खुर्ची ओढली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. आबांनी चार ओळी ऐकून घेतल्या.

"हे झालंय."

"कधी?"

"दुपारी. तो मुकादमाचा मुलगा होडीतून उतरतो, तिथे थांबलीस ना काल?"

मी एकशे बारावं पान काढलं. मुलगा होडीतून उतरत होता. एक पाय चिखलात, एक अजून फळीवर.

"तुझं काही कळत नाही मला," आबा म्हणाले. "दुपारी इतकं छान वाचतेस. एक ओळ गाळत नाहीस. आणि संध्याकाळी पुन्हा नुसत्या पाट्या टाकतेस."

४

आबांनी आयुष्यात कधी देवाला हात जोडले नाहीत, अंगारा लावून घेतला नाही. आम्ही चाळीत राहायचो तेव्हा कुणाच्या अंगात आलं की ते खुर्ची घेऊन समोर बसायचे आणि विचारायचे, "असं होय? मग या घरातल्या रेशनकार्डाचा नंबर सांग बघू." त्यांच्या हाताखाली वाढलेली मी. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आबांनी डॉक्टरांच्या आधी उत्तरं दिली. स्मरणशक्ती झकास होती. आबांना बाहेर बसवून डॉक्टर मला म्हणाले, "नजर गेलेल्यांच्या बाबतीत असं होतं कधी कधी. मेंदू रिकाम्या जागा भरून काढतो. दुपारी ते एकटे असतात, तुम्ही हव्या असता, म्हणून तुमचा आवाज ऐकू येतो. घाबरण्यासारखं काही नाही."

मला खूप बरं वाटलं. होडीचं पान मात्र मनातून जाईना. म्हणून सोमवारी सकाळी मी माझा जुना फोन चार्जरला लावून शेल्फवर शब्दकोशाच्या मागे ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि कामाला गेले.

त्या संध्याकाळी बाथरूमला कडी घालून मी ते ऐकलं. पुढे पुढे ढकलत. साडेबाराला शेजारची मीरा जेवण घेऊन आली, रोज येते तशी. तिची किल्ली, ताटाचा आवाज, "आबा, आमटी गरम आहे हां." ती गेली. पंखा, कावळे, खालून भंगारवाल्याची हाळी. मग एक वाजून दहा मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरली. चपला काढल्याचा आवाज आला. आबा म्हणाले, "आलीस? पंखा वाढव जरा."

पंख्याची घरघर वाढली.

पुढे बोलणं नव्हतं. पंख्याखाली नुसती शांतता, आणि दर तीन-चार मिनिटांनी पान उलटल्याचा आवाज. मधूनच आबांचं "हं". एकदा ते मोठ्याने हसले. पुन्हा पान. चाळीस मिनिटं हेच. शेवटी खुर्ची करकरली आणि काहीतरी शेल्फच्या जवळ आलं. शब्दकोश सरकल्याचा आवाज इतका मोठा आला की मी कानातले इयरफोन उपटून काढले. रेकॉर्डिंग तिथेच बंद झालं होतं.

आबा स्वतःच पुस्तक हातात घेऊन पानं उलटत असतील, मी स्वतःला सांगितलं. किल्ली मीराची, ताट न्यायला आली असेल. पंखा व्होल्टेजमुळे वाढला. पण रेकॉर्डिंग कुणी बंद केलं? तो फोन टचस्क्रीनचा होता, आणि आबांना बटणांचाच फोन चालवता यायचा.

५

"बरं केलंस गं, दुपारची घरी येतेस ते," मीरा जिन्यात म्हणाली. मीरा माझ्याच वयाची. तिच्या ओट्याची भिंत आणि आबांच्या खाटेची भिंत एकच. "भांडी घासता घासता मी पण ऐकते. किती सावकाश वाचतेस! नाहीतर तू म्हणजे फास्ट लोकल."

"नीट ऐकू येतं तुला?"

"शब्द नाही कळत. आवाज येतो ना."

"मला येताना बघतेस कधी?"

"मी आत असते गं तेव्हा. का?"

 रविवारी माणूस बोलावून कुलूप बदललं. एक किल्ली माझ्याकडे, एक मीराकडे. ती जेवण देण्यापुरतीच वापरायची, कुणाला द्यायची नाही, असं तिला बजावलं. सोमवारी संध्याकाळी आबा चहा पिता पिता म्हणाले, "कुलपाला तेलपाणी करून घे. दुपारी म्हणालीस ना कडक जातंय म्हणून."

 मी हातातला कप खाली ठेवला.

"आबा, दुपारी मी आणखी काय काय बोलते?"

त्यांनी आपला कप बाजूला सारला. मग म्हणाले, "शीतल, ते आता पुन्हा नको. बावीस वर्षं छातीवर होतं. तुला सांगितलं, तू ऐकून घेतलंस, माफ केलंस म्हणालीस. मला पुन्हा बोलायला लावू नकोस."

"कशाबद्दल, आबा?"

त्यांनी हात पुढे केला. "हात दे बघू." मी दिला. त्यांनी माझी बोटं एकेक करून चाचपली, मनगट धरलं, घड्याळाच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. फिटरचे हात होते ते. नटाचं माप बोटांनी सांगायचे.

"तू शीतलच ना?" त्यांनी विचारलं.

बावीस वर्षांपूर्वी आई गेली, एवढंच मला माहीत होतं. तिच्या जाण्यात असं काय होतं की त्याची माफी मागावी लागावी? मी रात्रभर आठवत राहिले. आणि मनात पुन्हा पुन्हा यायचं, की जे मला सांगायचं होतं ते त्यांनी सांगून टाकलं. मी मात्र तिथे नव्हते.

६

शुक्रवारी डोकं दुखतंय असं सांगून मी लॅबमधून निघाले. घरी पोचले तेव्हा एक वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. दुपारी आमच्या वसाहतीत चिटपाखरू नसतं. खाडीकडून गरम वारा येतो आणि वाळत घातलेले कपडे तेवढे हलतात. जिना चढताना मी चपला हातात घेतल्या.

दाराबाहेर उभी राहिले तेव्हा आतून मी वाचत होते.

दुसरं कसं सांगू? आपला आवाज रेकॉर्ड करून ऐकला की परका वाटतो. हा परका नव्हता. मला आतून, माझ्या डोक्यात, माझा आवाज जसा ऐकू येतो तसा होता. फक्त त्यात घाई नव्हती. वाक्य संपलं की तो थांबायचा, आणि तेवढ्या वेळात आबा "हं" म्हणायचे.

मी किल्ली घातली. कडक गेली. दार चार बोटं उघडलं.

खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती, पाठ दाराकडे. उंच पाठीची वेताची खुर्ची आहे ती. तिच्या कडेबाहेर एक कोपर दिसत होतं आणि पुस्तकाचा कोपरा. आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते, चेहरा खुर्चीकडे. किती शांत चेहरा होता. दाराचा आवाज ऐकून त्यांनी मान उचलली.

"कोण आलं गं?" त्यांनी खुर्चीला विचारलं.

"कोणी नाही, आबा," माझा आवाज म्हणाला.

"आबा, मी..." माझ्या तोंडून एवढंच निघालं.

आबांचा चेहरा बदलला. आयुष्यात कधी न घाबरलेला माणूस मी घाबरलेला बघितला. त्यांनी पाय पोटाशी घेतले. "ती संध्याकाळची आहे," ते हळूच म्हणाले. "दार लाव, शीतल. लवकर लाव."

खुर्ची करकरली. फरशीवर अनवाणी पावलं आली, डावं पाऊल जरा घासत. माझंही घासतं. मी बघायला हवं होतं. मी डोळे मिटले. दार माझ्या तोंडावर लागलं. आपटलं नाही, आत कुणी झोपलं असताना लावावं तसं हलक्या हाताने लागलं.

मी किल्ली पुन्हा फिरवली. आत गेले तेव्हा खुर्ची रिकामी होती. मी स्वयंपाकघर बघितलं, बाथरूम बघितली, ग्रिल लावलेली गॅलरी बघितली. कोणी नव्हतं. खुर्चीला हात लावायचं धाडस होत नव्हतं.

"गेली का ती?" आबांनी विचारलं.

ते कुणाबद्दल विचारत होते ते मला कळलं.

"हो," मी म्हटलं. "गेली."

"मग बस. वाच."

मी त्या खुर्चीत बसले आणि वाचलं. वाक्य संपलं की थांबत, त्यांच्या 'हं'ची वाट बघत.  अर्ध्या तासाने आबा म्हणाले, "थकलीस आज. किती राहिलं?"

"पंधरा-वीस पानं."

"मग कार्डावरचं सगळं संपलं." ते समाधानाने हसले. "यादी संपली की निघायचं. तयारीला लागायला हवं."

"कुठे निघायचं, आबा?"

"ते तर तू सांगणार होतीस."

७

मी पंधरा दिवसांची रजा टाकली. 'मिठागराचा मुकादम' माझ्या पर्समध्ये ठेवलं, आणि पर्स अंघोळीलाही बरोबर नेली. रोज बारा ते चार मी त्या खुर्चीत बसून राहिले. कुणी आलं नाही. किल्ली फिरली नाही. आबांना मी घरातली जुनी पुस्तकं वाचून दाखवायला बघितलं, पण ती त्यांना पाठ होती. ते तोंड भिंतीकडे करून पडायचे. जेवण अर्धं व्हायला लागलं.

"ते पुस्तक का नाही संपवत?" रोज एकदा विचारायचे.

"संपवू ना. आधी दुसरं आणते."

यादी संपली की. त्या तीन शब्दांवर मी दहा दिवस विचार केला. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरत नव्हतं. रेशनकार्डाचा नंबर विचारणाऱ्या माणसाच्या मुलीने काय करावं? पण विश्वास न ठेवता करता येण्यासारखी एक गोष्ट होती. यादी लांबवायची.

अकराव्या दिवशी मीराला आबांपाशी बसवलं. "मी येईपर्यंत हलायचं नाही," म्हटलं. "काहीही झालं तरी." ती म्हणाली, "अगं हो ना बाई, जा." मी रिक्षा केली.

जानकीताई आत तांदूळ निवडत होत्या. मी कार्ड काढलं आणि लिहायला सुटले. हॉलमधल्या शेल्फांवरून सगळ्यात जाड पाठी बघून नावं उतरवली. खंड असलेली पुस्तकं तर खंडागणिक वेगळ्या ओळीत.

"ताई, हजार पानांच्या वरचं अजून काय आहे तुमच्याकडे?"

"आबांना परीक्षेला बसवतेस की काय?" त्या आतून हसल्या. "आतल्या खोलीत खालच्या फळीवर बघ. सात खंडांचं एक चरित्र आहे. कुणी हात लावत नाही."

मी ते सातही लिहिले. कार्डाची एक बाजू भरली, मागची भरली. ताईंनी दुसरं कार्ड दिलं. एकूण एक्केचाळीस नावं झाली. रोज तासभर वाचलं तर तीन-चार वर्षं सहज. पेनाचं टोपण लावताना मला कित्येक दिवसांनी भूक लागल्याचं जाणवलं. मी मीराला फोन लावला.

८

"आबा जेवले का गं?"

"मी वाढलं होतं. आता तू बघ ना." मागे तिच्या नळाचं पाणी वाहत होतं.

"मीरा, तू कुठे आहेस?"

"घरी. तूच म्हणालीस ना, मीरा, जा तू, मी आले."

"तू मला बघितलंस?"

"मी भात वाढत होते, पाठ होती दाराकडे. बरं म्हटलं, ताट ठेवलं नि निघाले. तू बाथरूममध्ये असशील म्हणून..." ती थांबली. नळ बंद झाला. "शीतल, तू फोनवर कशी बोलतेयस? तू तर आत वाचतेयस."

मी पर्स चाचपली. पुस्तक होतं. ते बाहेर काढून ताईंच्या टेबलावर ठेवलं.

"मीरा, फोन भिंतीला लाव."

"काय?"

"लाव भिंतीला!"

आधी खरखर. मग लांबून, विहिरीच्या तळातून यावा तसा माझा आवाज. रेकॉर्डिंगमध्ये तो आला नव्हता. आता येत होता. शब्द पकडायला मला वेळ लागला. 'मुकादम', 'दिवा', 'पलीकडे'. मी पुस्तक उघडलं, खुणेपासून पुढे चाळत गेले आणि तो दिवा शोधला. शेवटून तिसऱ्या पानावर होता. पान उलटायला जेवढं थांबावं लागतं तेवढंही तिकडचा आवाज थांबत नव्हता. मी बोट ओळीवर ठेवून त्याच्या बरोबरीने जात होते. एक शब्द चुकत नव्हता.

"दार उघड! किल्ली आहे तुझ्याकडे. आत जा, मीरा, त्यांना धरून ठेव!"

तिची धावपळ ऐकू आली. किल्ली कुलपाला घासली. "फिरत नाहीये गं... शीतल, मला भीती वाटतेय. मी खालून वॉचमनला आणते."

"नको! दार सोडू नकोस!"

ती जिना उतरत होती. दशरथ, दशरथ, अशा हाका मारत होती. माझं बोट शेवटच्या पानाच्या अर्ध्यावर होतं. फोनमधून आता फक्त तिचा श्वास आणि तिच्या चपला ऐकू येत होत्या. जानकीताई बाहेर येऊन माझ्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या हातात सूप होतं.

चार-पाच मिनिटांनी मीरा पुन्हा बोलली. रडत होती. "दार उघडंच आहे गं. आबा नाहीत."

९

खाडीच्या कडेने तिवरांमध्ये तीन दिवस शोधलं. कोळ्यांनी होड्या घातल्या. स्टेशनं, हॉस्पिटलं, सगळं झालं. आज चार महिने होतील. त्यांची काठी दाराच्या कोपऱ्यातच होती. फक्त चपला नव्हत्या. कठड्यावरचं भाताचं ताट रिकामं होतं. आबा पोटभर जेवून गेले होते.

पोलिसांनी आधी माझीच चौकशी केली. मीराने सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं, जानकीताईंनी सांगितलं तेही. एक बाई एकाच वेळी दोन ठिकाणी, म्हटल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मला गेटावरच्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण दाखवायला बोलावलं. दशरथ मीराबरोबर वर धावला होता तेव्हाचं. जिन्यात त्या दोघांना कुणीच भेटलं नव्हतं.

गेट रिकामं. ऊन. चित्राचा उजवा अर्धा भाग कडुनिंबाच्या फांदीने झाकलेला. मग आबा येतात. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. त्यांचा एक हात पुढे, कुणाच्या तरी मनगटावर. ते मनगट दिसतं, कोपरापर्यंत हिरवी बाही दिसते. पुढचं सगळं पानांमागे.

"हा हात ओळखता?" साहेबांनी विचारलं.

तसा हिरवा कुर्ता माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी घरी पोचले तेव्हा तो दोरीवर ओला होता. मी तसं सांगितलं. त्यांनी लिहिलं नाही.

आमच्या छोट्या गेटाला खाली वीतभर उंच लोखंडी पट्टी आहे. आबा माझ्याबरोबर बाहेर पडायचे तेव्हा तिला हमखास ठेचकाळायचे. मी पुढे असायचे, रिक्षा थांबवत, आणि ते अडखळले की मागे वळून म्हणायचे, "अहो आबा, पट्टी आहे ना!" त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख त्यानेच काळं पडलेलं.

चित्रात तो हात पट्टीपाशी थांबतो. आबा थांबतात. पाय उचलतात, अंगठ्याने पट्टी चाचपतात, पाय परत खाली ठेवतात. त्यांना खात्री नसते. हात त्यांना ओढत नाही, ढकलत नाही. ते पुन्हा चाचपतात. कोपऱ्यातले आकडे पुढे सरकत राहतात. मग आबा एक पाय पलीकडे टाकतात, दुसरा टाकतात, आणि पानांकडे तोंड वळवून काहीतरी बोलून हसतात. मग दोघं चित्रातून निघून जातात.

"जबरदस्ती तरी दिसत नाही," साहेब म्हणाले.

"नाही," मी म्हटलं, आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

या वेळी मी फक्त आकडे बघितले. अकरा सेकंद. त्यांच्यासाठी मी इतका वेळ कधीच थांबले नव्हते.